गालाच्या आतली जाळी

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज घरात दोन बॅगा आल्या. निळ्या, चाकांच्या, एवढ्या मोठ्या की एकीत मी घडी करून मावेन. हे त्या ओढत आधी माझ्या शिवणाच्या दुकानाच्या दारात उभे, घामाघूम आणि खूश.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"निघालात काय? दोघांनी निघायचंय. ठकूकडे वर्षभर राहायचं म्हणजे एवढं सामान होणारच."

वर्षभर? मला वाटलं थट्टा करताहेत. पण निवृत्त झाल्यापासून ह्यांनी थट्टा सोडलीय, आता फक्त योजना करतात. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर लोकांच्या नळांच्या वेळा ठरवल्या, आता माझ्या ठरवतात. म्हणाले, "अगं, गेल्या महिन्यात ठकू आली होती, तेव्हा तिनं तुला विचारलं नाही का, आई, बाळ झाल्यावर वर्षभर येशील ना? तू हो म्हणालीस. मी तिथंच बसलो होतो."

त्या वेळी मी ठकूच्या गरोदरपणातल्या झग्याची खालची पट्टी टाचत होते. गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की मी सगळ्यांनाच 'हं' म्हणते. गिऱ्हाईक म्हणतं उकडतंय, हं. हाताखालची काजवाली म्हणते सून आळशी आहे, हं. तिनं विचारलेलं मला खरंच आठवत नाही. त्या एका 'हं'वर माझ्या एकुलत्या एक लेकीनं वर्षाचा बेत केला!

मी मशीनवर बसून उरलेली शिलाई उरकली. संध्याकाळी चहाचा घोट घेतला तर डाव्या गालाला आतून चटका बसला. दुपारी टोमॅटो खाल्ला होता, तोच बाधला असणार.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टोमॅटो बंद. मिरची बंद. टूथपेस्ट बदलली. काजवालीनं सांगितलं म्हणून गालात लवंग धरली आणि कोपऱ्यावरच्या माणसानं वळून बघावं अशी किंचाळले. ही काजवाली माझ्याकडे काज-बटणं आणि हातशिलाई करते. वयानं माझ्याएवढीच. प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे इलाज असतो, लागू पडत नाही एवढंच. तिला अजून अंगातून वाफा येतात, मग हातातलं काम टाकून पुठ्ठ्यानं वारा घेत बसते. माझ्या वाफा केव्हाच सरल्या. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, मला वाटलं होतं आता शरीर मला विसरलं, सुटले.

दिवसभर तसं बरं होतं. जेवणाच्या आधी ठकूचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर लावला. "आईची खोली रंगवून घेतली, बाबा. पिवळी." मला पिवळा आवडतो हे पोरीनं लक्षात ठेवलंय. नंतर साधा मऊ भातसुद्धा झोंबला. तांदूळ नवा आहे, त्याचं काही असेल का?

१९ ऑगस्ट, मंगळवार

दाताच्या डॉक्टरकडे गेले. दाढेचं टोक लागत असेल, घासून देईल, अशी माझी समजूत. त्यानं आरसा घातला, दिवा जवळ आणला आणि एकदम गप्प झाला. डॉक्टर गप्प झाला की माणसानं काय समजायचं? मग म्हणाला, "हे दाताचं नाही, मावशी. तोंडाच्या आतल्या त्वचेचं आहे. मी एका डॉक्टरांचं नाव देतो, त्यांना दाखवा. लवकर दाखवा."

तो 'लवकर' मी घरी कुणाला सांगितला नाही. एका कोटाच्या बाह्या उलटसुलट लावल्या, उसवल्या, पुन्हा तशाच लावल्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तोंडाची डॉक्टर ठकूच्या वयाची निघाली. हळू बोलते, पण प्रश्न चिक्कार. पाळी कधी गेली, साखर आहे का, रक्तदाबाची गोळी कुठली, झोप लागते का. खालच्या ओठावर बोट ठेवून म्हणाली, "इथे बारीक टोचल्याच्या खुणा आहेत."

"टाचण्या. कपडे शिवते मी."

"तोंडात धरता?"

"मग कुठे धरू? कानात?"

ती हसली, पण लिहून घेतलं. "कसला ताण आहे का सध्या?"

"मला? छे. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. आनंदच आनंद." हेही तिनं लिहून घेतलं.

मग हातात आरसा देऊन मला माझाच गाल आतून दाखवला. चोपन्न वर्षं बाळगलेला गाल, पहिल्यांदा पाहिला. पांढऱ्या रेघांची बारीक जाळी, लेस उलटून धरल्यावर दिसते तशी, आणि मधे लाल, सोललेलं. ती म्हणाली, ह्याला लायकेन प्लॅनस म्हणतात. अंगाची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच गालावर उलटतात. का, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतं, ताण वाढला की भडकतं. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतं. कुणाला लागत नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हेच. कुणाविरुद्ध तक्रार करायची?

मग म्हणाली, "खात्रीसाठी छोटा तुकडा काढून तपासू." कसली खात्री ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, आणि दोघींना कळलं. तांदळाएवढा तुकडा काढला, एक टाका घातला. घरी 'दाढ साफ केली' म्हणून सांगितलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

उत्तर अजून नाही. जीभ सारखी त्या टाक्यावर जाते. हजारदा बजावलं तरी जाते, कामचुकार माणूस घड्याळाकडे बघतो तशी.

दुपारी बँकेतून आले तर शेजारचा चष्मेवाला माझ्या दुकानात! माझीच मापाची पट्टी घेऊन भिंत मोजतोय, आणि तीही उलटी धरून. काजवाली डोळे मोठे करून बघतेय.

"वहिनी, कपाटं इथे बसतील ना?" मला म्हणतो. "साहेबांशी बोलणं झालंय. वर्षभर जागा मी सांभाळतो. बंद ठेवण्यापेक्षा बरं."

ह्यांनी हे परस्पर ठरवलं! माझी दोन मशीनं कुठे जाणार ते विचारलं, तर रात्री म्हणाले, "पलंगाखाली. नीट गुंडाळून. वर्षाचा तर प्रश्न आहे."

वर्षाचा तर प्रश्न आहे. ठकू झाली तेव्हाही मशीनवर चादर घातली होती, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे म्हणून. ती चादर काढली तेव्हा ठकू चौथीत होती. सासूबाई आजारी, मग ह्यांची बदली, मग आणखी काही. मी काही त्याचं दुःख करत बसले नाही. सगळ्यांच्याच घरी असं असतं. ते आज उगाच आठवलं.

जेवले नाही. गाल इतका पेटला की पाणीसुद्धा उजव्या बाजूनं प्यायले. हवामान बदलतंय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

नाही. तो रोग नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि हसू लागले, मग रडू आलं, मग परत हसू. एक म्हातारा जाता जाता थांबून मला पाणी विचारून गेला. मी मरणाला एवढी घाबरत असेन असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, पुढेमागे बिघडण्याची शक्यता थोडी असते, म्हणून ठरावीक मुदतीनं दाखवत राहायचं, चुकवायचं नाही. औषध म्हणून मलम. गाल कापसाच्या जाळीनं टिपायचा, पातळ थर लावायचा, मग अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही, तोंड शक्यतो स्वस्थ ठेवायचं. दिवसातून दोनदा. ब्रश मऊ, पेस्ट साधी, फेस न होणारी. तिखट, आंबट, कुरकुरीत बंद. आणि टाचण्या तोंडात अजिबात नाहीत.

ह्यांना आता खरं सांगितलं. त्यांनी पायात चपला अडकवल्या. मग बाजारात जाऊन केळी घेऊन आले. एवढी, की अख्ख्या गल्लीचे गाल बरे होतील.

३ सप्टेंबर, बुधवार

मनगटावर टाचण्यांची गादी बांधलीय. हात सवयीनं ओठांकडे जातो, मधेच थबकतो, मग मनगट शोधतो. निम्मा वेग राहिला.

त्याहून वाईट म्हणजे तोंड रिकामं आहे. लोक बोलतात आणि उत्तराची वाट बघतात. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या, दरवर्षीसारखं म्हणाल्या, "माप तेच आहे हो माझं." पूर्वी 'हं' म्हणून दोन बोटं वाढवून शिवायचे. आज तोंडातून निघून गेलं, "नाही हो, वाढलंय." बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "मग दोन नाही, चार बोटं वाढवा, नीट श्वास तरी घेता येईल."

काजवाली सुनेबद्दल सुरू झाली. मी म्हटलं, "अगं, ती दोन नोकऱ्या करते. आळशी कुठली?" तेव्हापासून फुगून बसलीय, काजंसुद्धा फुगीर घालतेय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मलम गुणकारी आहे. लाल भाग निवला, आज चहा प्यायले, कोमट. म्हटलं, दोनदा लावून एवढा गुण तर चारदा लावून लवकर उरकेल.

संध्याकाळी नुकतं लावलं होतं तेवढ्यात ठकूचा फोन. ह्यांनी सांगितलं, "तिनं औषध लावलंय गं, अर्धा तास बोलायचं नाही तिला." बरं झालं, तिकिटांचं ते दोघंच बोलले.

२१ सप्टेंबर, रविवार

ठकूचा फोन, मलम. परवाही तसंच झालं. योगायोग बघा, ती नेमकी माझ्या औषधाच्या वेळीच फोन करते. काल सकाळी केला, आज दुपारी, परवा जेवणानंतर. आधी तिची एक वेळ ठरलेली असायची.

ती पुलांचे आराखडे काढते. नदीवरच्या नव्या पुलाचं काम तिच्याकडे आलंय, ह्यांना सांगत होती. मी लांबून ऐकलं. आवाज चढलेला, आनंदी, लहानपणी शर्यत जिंकून यायची तसा. मला खूप बरं वाटलं. मग लगेच माझ्या मशीनकडे लक्ष गेलं आणि नकोसं झालं. हे असं दोन्ही एकदम कसं होतं कळत नाही.

गालात आता जळजळ नाही, पण काहीतरी साय धरल्यासारखं वाटतंय. चव गेलीय, सगळं कागदासारखं लागतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अति तिथे माती. गालावर बुरशी धरली.

डॉक्टरनं विचारलं, "मलम दिवसातून किती वेळा लावता?"

"फोन... म्हणजे, जळजळलं की."

तिनं पेन खाली ठेवलं. "कुणाचा फोन?"

आता हिला काय करायचंय कुणाचा फोन ते? पण टाचण्या नाहीत, मलम नाही, दोन्ही हात खुर्चीवर. सांगत गेले. झगा, 'हं', बॅगा, चष्मेवाला. म्हटलं, "पण ह्याचा गालाशी काय संबंध? मला ताण नाही, मला फक्त जायचं नाहीये."

बोलून गेले. आजवर हे मी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. ती काही शहाणपण शिकवायला गेली नाही हे तिचं चांगलं. बुरशीवरचे थेंब लिहून दिले आणि म्हणाली, "मलम दोनदाच. फोन वेगळा."

३० सप्टेंबर, मंगळवार

ह्यांना सांगितलं. म्हटलं, "अहो, मी वर्षभर जाणार नाही. बाळंतपणाला जाईन, सहा आठवडे राहीन, परत येईन. दुकान कुणाला द्यायचं नाही."

आधी समजलंच नाही त्यांना. मग चिडले. "सगळ्यांना सांगून झालंय! चष्मेवाल्यानं कपाटं करायला टाकलीत! आई आहेस की कोण आहेस?"

ते शेवटचं लागलं. मीही ऐकवलं, "तुम्हाला एवढी हौस आहे तर तुम्ही राहा वर्षभर. बाटली उकळायला काय आईच लागते?"

मग ते निळ्या बॅगेवर बसले, तिचं चाक फिरवत. म्हणाले, "तिथे निदान काही काम असेल मला. इथे तू दिवसभर दुकानात. मी किती वेळ पेपर वाचू?"

आता ह्यात पेपर कुठून आला? माझा प्रश्न काय, ह्यांचं उत्तर काय! पुरुषांना मुद्द्याला धरून बोलता येत नाही.

ठकूला मात्र मीच सांगायचं, असं ठरलं. तिकिटं रविवारी काढायची आहेत, त्याआधी.

५ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

सकाळपासून घर तीनदा झाडलं. फोन लावला, ठेवला, परत लावला. "ठकू, मी वर्षभर नाही येऊ शकत."

"बाबा म्हणाले तुझं तोंड... त्यामुळे का?"

हो म्हणायचं एवढं सोपं होतं! अगदी जिभेवर आलं होतं. "नाही," मी म्हटलं. "तोंडामुळे नाही. मला यायचं नाहीये म्हणून."

पलीकडे खुर्ची सरकली. मग हळूच, "मी पाळणाघरातली जागा सोडली, आई. रांगेत चार महिने होते. तू हो म्हणालीस म्हणून सोडली." आणि फोन ठेवला. आदळला नाही, ठेवला. आदळला असता तर बरं झालं असतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

मन मोकळं केलं की बरं वाटतं, असं कोण म्हणालं होतं? त्याला माझ्यासमोर आणा. दोन्ही गाल सोलून निघालेत. दूध झोंबतं. शिवायला घेतलेलं एकही पुरं होत नाही, एक ना धड भाराभर चिंध्या. फोन नाही. मी केला तर उचलत नाही. जावई उचलतात, "झोपलीय ती, आई," म्हणतात, मागे नळाचा आवाज येतो.

काजवाली रुसवा सोडून आली आणि माझ्यापुढचे सगळे अर्धे कपडे स्वतःकडे ओढून घेतले. इलाज एकही सांगितला नाही. त्यावरून माझं तोंड कसं दिसत असेल ते कळलं.

मी वाईट आई आहे का? जायला हवं होतं का? एका वर्षानं काय मेले असते? असं म्हणते, आणि डोळ्यांपुढे ती चादर येते. फुलाफुलांची होती. मशीनच्या हँडलचं टोक लागायचं म्हणून तिथं विरली होती. ती धुवायची, वाळवायची, परत घालायची. मशीन बंद, आणि चादर मात्र स्वच्छ.

१२ ऑक्टोबर, रविवार

ठकूचा फोन आला. मलम लावून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. हे म्हणाले, "सांगू का औषध लावलंय?" मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला.

ती आधी भांडली. भांडू दिलं. जागा गेली, दुसऱ्या पाळणाघरात पुढच्या वर्षीपर्यंत रांग आहे, कार्यालयात सगळ्यांना सांगितलंय की तीन महिन्यांत परत येते, पूल थांबणार नाही तिच्यासाठी. "तुला यायचं नव्हतं तर तेव्हाच सांगायचंस."

"चुकलं माझं. तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. आणि ऐकलं असतं तरी बहुतेक हो म्हटलं असतं."

"पण का नाही यायचं? माझ्याजवळ राहायला एवढं कसलं ओझं आहे?"

मग मी तिला चादरीचं सांगितलं. सहा महिन्यांची नऊ वर्षं कशी झाली ते. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी वाईट नव्हतं, फक्त रोज कुणीतरी म्हणायचं अजून थोडे दिवस, आणि मी म्हणायचे बरं. हे आतल्या खोलीच्या दारात उभे होते, गेले नाहीत.

ठकूनं विचारलं, "मी चौथीत जाईपर्यंत?" मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

'छे गं, वेडी आहेस का' हे वाक्य आईच्या तोंडात तयारच असतं. ते मी गिळलं. "हो," मी म्हटलं. "तुझ्यामुळे. आणि तुझा राग एक दिवसही आला नाही. दोन्ही खरं आहे."

ती रडायला लागली. मला वाटलं माझ्यासाठी रडतेय. ती म्हणाली, "आई, मला तीच भीती वाटतेय गं. मीसुद्धा सहा महिने म्हणेन आणि मग... म्हणून तू हवी होतीस. बाळासाठी नाही. माझ्यासाठी."

मी खुर्चीवर बसले. इतके दिवस मला वाटत होतं पोरीला फुकटची दाई हवीय, आणि तिला मात्र बुडायच्या आधी कुणाचा तरी हात हवा होता. आता काय करू? येते म्हणू? येते म्हटलं तर माझं बंद, नाही म्हटलं तर तिचं. आमच्यात एकच दुकान उघडं राहायचं, असा नियम कुणी केलाय? खूप संताप आला. कुणाचा ते कळेना. हे दारातच उभे होते, त्यांचा आला. मग एकदम सुचलं आणि स्वतःचाच आला, इतके महिने ही गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही!

"ठकू, डोळे पूस. जावई घरात आहेत ना? त्यांना फोन दे."

"त्याला कशाला?"

"दे."

खडखड झाली. जावई आले, बिचारे अदबीनं म्हणाले, "बोला, आई."

"बाळ झाल्यावर तुम्ही किती महिने रजा घेताय?"

मागे ठकूचं रडणं थांबल्यासारखं वाटलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला... मला कुणी विचारलंच नव्हतं, आई."

"आता मी विचारतेय," मी म्हटलं, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत फोन ठेवला नाही.